पोकर शिकायला मोफत चिप्सचं ॲप की घरचं टेबल?

नाशिकमध्ये पोकरकडे वळणारे बरेच जण दिवाळीतली तीन पत्ती खेळून आलेले असतात. कुठला हात कशाहून मोठा हे त्यांना लवकर कळतं. अडतं ते बेटिंगवर. तीन पत्तीत आधीच्या चालीच्या हिशेबाने चाल करतात, पोकरमध्ये पॉट (मध्ये जमलेली रक्कम) बघून बेट ठरवायची असते. हे अंगवळणी पडायला दोन जागा आहेत: मोफत चिप्सचं ॲप किंवा मित्रांचं टेबल. २०२५च्या केंद्रीय कायद्यानंतर पैसे लावून ऑनलाइन खेळायचा पर्याय उरलेला नाही, आणि शिकायला तो लागतही नाही.

वेगात ॲप पुढे, हे मान्य. गंगापूर रोडच्या फ्लॅटवर सहा जण जमवायचे, पत्ते हाताने पिसायचे, वाटायचे, यात तासाला वीसेक डाव होतात. ॲपवर दुपटीहून जास्त. पाळी कुणाची, ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायची रक्कम) कुणाचे, हे तिथे पटकन बसतं.

माझं मत फिरलं ते एका गोष्टीने: ॲपवर कुणी पॅकच करत नाही, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडत नाही. चिप्स संपल्या की पुन्हा फुकट मिळतात, मग सोडायचं कशाला? यात शिकणाऱ्याचं गणित बिघडतं. समजा टर्नपर्यंत (टेबलावरचा चौथा पत्ता उघडेपर्यंत) तुमचे चार बदाम जमलेत, फ्लशला (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) पाचवा हवा. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम, म्हणजे साधारण २० टक्के शक्यता. पॉट २००, समोरचा १०० लावतो. तुमचे १०० पडले की पॉट ४००. कॉल (समोरच्याएवढी रक्कम लावून टिकून राहणं) परवडायला २५ टक्के हवेत. बदाम लागल्यावर पुढे फारसं मिळणार नसेल तर पॅक. ॲपवर तुमच्याआधी आणखी दोघे डोळे झाकून कॉल करतात. पॉट ६०० होतो, १७ टक्के पुरतात, कॉल बरोबर ठरतो. असं खेळत राहिलं की प्रत्येक फ्लशमागे धावायची सवय लागते, आणि जाणत्या टेबलावर तीच नडते. ब्लफचंही (हलक्या पत्त्यांवर बेट लावून समोरच्याला घाबरवणं) तेच. अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनातून एकदा चालला तरी तोटा नसतो, पण तो चालायला समोरच्याने पॅक करायला हवं ना!

म्हणून, जमत असेल तर, घरचं टेबल. प्रत्येकी २,०००च्या चिप्स: १०च्या दहा, ५०च्या आठ, १००च्या पाच, ५००च्या दोन. ब्लाइंड १०-२०, मग दर वीस मिनिटांनी २०-४०, ३०-६०, ५०-१००. पैसे अजिबात नाहीत, पण संपलेल्या चिप्स परत मिळायच्या नाहीत. ज्याच्या संपल्या त्याने नवा खेळ सुरू होईपर्यंत पत्ते वाटायचे. एवढ्या एका नियमाने तीन पत्तीवालेही पॅक करायला लागतात. चिप्स पॉटमध्ये फेकू नका, स्वतःसमोर ठेवा, नाहीतर कुणी किती लावले ते कळत नाही. ‘कॉल... आणि वर शंभर’ असं तुकड्यातुकड्यांत रेझ (बेट वाढवणं) चालत नाही, रक्कम एकदाच सांगायची. आणि बेटआधी पॉट मनात मोजा. ॲप आकडा आयता दाखवतं, म्हणून ही सवय तिथे लागत नाही.

सहा जण जमणारच नसतील तर ॲपवर दोघा-तिघांचं टेबल निवडा. आंधळे कॉल करणारे तिथे आपोआप कमी होतात. फक्त माणसं कमी असल्याने सुरुवातीचे पत्ते जरा सैल हाताने निवडावे लागतात.