निळे ऑर्किड आणि त्यामागून आलेल्या बाटल्या

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मी एका विक्रेत्याकडून चार बुटकी ऑर्किड मागवली आणि पुढच्या काही महिन्यांत रोपांपेक्षा त्यांच्या औषधांवर जास्त पैसे घालवले. रोपे थेट कालिम्पाँगहून येतील असे त्याने सांगितले होते. खोक्यावरचा पत्ता मात्र ठाण्याजवळचा निघाला. तो वाचूनही मी गप्प बसले, ही चूक सर्वस्वी माझी. कुरिअरसह २,६०० रुपये आगाऊ देऊन झाले होते.

चारही फॅलेनोप्सिस जातीची होती. त्यांतल्या एकाची फुले थेट दौतीत बुडवून काढल्यासारखी निळी होती, आणि खरे सांगायचे तर सगळी खरेदी त्याच्याचसाठी होती. ‘दुर्मीळ जात आहे, दर वर्षी याच रंगाची फुले येतील,’ हा त्याचा संदेश अजून माझ्याकडे आहे. फॅलेनोप्सिसमध्ये जांभळट, निळसर छटा आढळतात. शाईसारखा निळा आढळत नाही. पांढऱ्या फुलांच्या दांड्याला भोक पाडून आत रंग सोडला, की तो पाण्याबरोबर पाकळ्यांपर्यंत चढतो. माझ्या रोपाच्या दांड्याच्या बुडाशी मेणासारख्या कशाने तरी बुजवलेले मसुराएवढे भोक होते आणि त्याभोवतीचा हिरवा भाग निळा पडला होता. विचारले तेव्हा ‘प्रवासात लागले असेल’ असे उत्तर आले.

तीन आठवड्यांनी पाने सुरकुतली. फोटो पाठवताच ‘मुळे अशक्त आहेत’ असे निदान झाले आणि ४९० रुपयांची बाटली आली, दर तिसऱ्या दिवशी पाण्यातून द्यायची. बाटलीवर ना घटकांची नावे, ना उत्पादकाचा पत्ता. पाने आणखी मऊ पडल्यावर दुसरी बाटली आली, रात्री पानांवर फवारण्यासाठी. ते पाणी शेंड्याच्या बेचक्यात साचून राहिले आणि एका रोपाचे मधले पान काळे पडून अलगद हातात आले. त्यावर तिसरी बाटली, बुरशीनाशकाची. मग चौथी, पाचवी. मी मुकाट्याने पैसे पाठवत राहिले.

शेवटी नर्सरीत काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी कुंडी उलटी करून रोप बाहेर काढले. बाहेरची मुळे ठीक दिसत होती, पण मधोमध शेवाळाचा घट्ट गोळा होता, पिळल्यावर पाणी गळेल इतका ओला. त्यातली मुळे तपकिरी झाली होती. चिमटीत धरून ओढले की साल निघून येई आणि आत नुसता दोरा उरे. पाने सुरकुततात ती पाणी कमी पडल्यानेही आणि मुळे कुजल्यानेही, कारण दोन्ही वेळा पानापर्यंत पाणी पोहोचत नाही. कुंडीबाहेर काढून मुळे पाहिल्याखेरीज हा फरक कळत नाही, आणि त्या विक्रेत्याने मुळांचा फोटो एकदाही मागितला नव्हता. त्याच्या सल्ल्याने मी कुजणाऱ्या मुळांवर दर तिसऱ्या दिवशी पाणी ओतत होते.

कुजलेली मुळे ज्योतीवर तापवलेल्या कात्रीने कापून, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा भरलेल्या, भोके पाडलेल्या पारदर्शक पेल्यांत रोपे लावली. मुळे चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असली की नाही. दोन रोपे जगली. पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने आठवडाभर ‘उद्या’ सांगितले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना लक्षात आले, की पैसे गेलेल्या खात्याचे नाव निराळे होते आणि खोके उघडतानाचे चित्रीकरण मी केलेच नव्हते.

२०२५ च्या जानेवारीत निळ्या रोपाला नवा दांडा आला आणि त्यावर तीन फुले उमलली, तिन्ही पांढरी. फोटो विक्रेत्याला पाठवला. ‘तुमच्या पाण्यात क्षार जास्त आहेत,’ त्याने कळवले, आणि खाली रंग परत आणणाऱ्या बाटलीची किंमत लिहिली होती.