बोकडाचं घ्यावं की कोकराचं? घरच्या मटणाची खरेदी आणि शिजवण, शेजारी शेजारी ठेवून

लातूर, बीड, परभणीकडं नुसतं 'मटण' म्हटलं की ते बोकडाचंच. मेंढ्याचं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. पाहुण्यांसाठी मेंढ्याचं आणलं तर घरात कुरबूर ठरलेली. या कुरबुरीत थोडी चव आहे आणि बरीचशी सवय. कोवळं कोकरू नीट पारखून घेतलं तर सुक्याला आणि खिम्याला ते बोकडाच्या पुढं जातं. जून मेंढा मात्र कितीही काळं तिखट टाकलं तरी पहिल्या घासाला ओळखू येतो. म्हणून दुकानात कोणतं जनावर हे विचारण्याआधी किती वयाचं हे विचारावं.

इंग्रजी पाककृतीतलं 'लॅम्ब' म्हणजे वर्षाच्या आतलं मेंढीचं पिल्लू, आपलं कोकरू. त्या कृतीत लिहिलेली वेळ बोकडाच्या मटणाला लावली तर तुकडे चिवट राहतात, आणि दोष मसाल्यावर जातो. उलट बोकडाच्या हिशोबानं कोकरू कुकरला लावलं तर हाड एकीकडं, मांस एकीकडं, आणि मधे नुसता गाळ.

वय कसं ओळखायचं

जिवंत जनावर घेत असाल तर खालच्या जबड्याचे पुढचे दात बघा. वरच्या जबड्याला पुढं दात नसतातच, त्यामुळं तिथं शोधू नका. खालचे आठही दात बारीक, दुधाचे असतील तर जनावर आदत, म्हणजे साधारण वर्षाच्या आसपासचं किंवा आतलं. मधले दोन पडून रुंद दात आले की दोन दाती, वय एक ते दीड वर्ष. चार दाती म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. आठही दात बदललेले असतील तर साडेतीन-चार वर्षं झाली. ते रोजच्या रश्श्यासाठी घेऊ नका, कुणी कितीही स्वस्त देवो.

दुकानात लटकवलेल्या मटणाला दात नसतात, तिथं हाड बघायचं. कोवळ्या जनावराची बरगडी अरुंद, लालसर असते आणि छातीकडची कुरकुरीत टोकं सुरीनं सहज कापली जातात. बरगडी पांढरी, चपटी आणि टणक असेल तर जनावर जून.

बोकड की मेंढा हे ओळखायच्या खुणा वेगळ्या. बोकडाची पाठ वर निमुळती, छाती दोन्ही बाजूंनी चपटी, कातडीखाली चरबी जवळजवळ नाही. त्याची चरबी आत, गुर्द्यांभोवती साठते. मांसाचा रंग गडद आणि वरचा पापुद्रा चिकट, त्यामुळं एखाद-दुसरा केस चिकटलेला दिसतोच. मेंढ्याची पाठ गोल भरलेली, मांस फिकट लाल, बारीक धाग्याचं, आणि पाठीवर, शेपटीच्या मुळाशी पांढऱ्या घट्ट चरबीचा थर. बोकडाची शेपटी बारीक, मेंढ्याची त्यामानानं जाड. बोकडाचं मटण विकणारे शेपटी आणि अंडकोष मुद्दाम ठेवतात, ते ग्राहकाला दिसावं म्हणूनच. दोन्ही काढून साफ केलेलं धड बोकडाचं म्हणून विकत असतील तर निदान विचारून घ्या.

आपल्याकडची उस्मानाबादी शेळी (जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी जातीचं नाव तेच राहिलं) बहुतेक काळी, दोन-दोन करडं देणारी आणि मटणासाठी नावाजलेली. तिचा वर्षाचा बोकड चांगला पोसलेला असेल तर साधारण 20 किलो भरतो. दख्खनी मेंढी धनगरांच्या कळपातली. तिची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. दिवसभर चालणारं जनावर असल्यानं मांस घट्ट असतं, आणि म्हणूनच तिच्या बाबतीत वयाला जास्त महत्त्व. बोकडात आणखी एक भानगड असते. खच्ची न केलेला, माजावर आलेला मोठा बोकड उग्र वास मारतो. तो वास धुऊन जात नाही, लिंबानं जात नाही, दह्यानं थोडा झाकतो इतकंच. खच्ची बोकड किंवा आदत घ्या.

स्वस्त कोणतं

मेंढ्याचा भाव बहुतेक ठिकाणी बोकडापेक्षा कमी असतो, पण भाव आणि ताटात पडणारं मांस यांचा हिशोब वेगळा. उदाहरणासाठी बोकड 760 रुपये किलो आणि मेंढा 680 धरू. बोकडाच्या किलोत पावशेर हाड गेलं तर 750 ग्रॅम मांस उरतं, म्हणजे मांस पडलं सुमारे 1013 रुपये किलोनं. मोठ्या मेंढ्याच्या किलोत 220 ग्रॅम हाड आणि काढून टाकावी लागणारी 120 ग्रॅम चरबी गेली तर उरलं 660 ग्रॅम, भाव सुमारे 1030. ऐंशी रुपये वाचवले आणि सतरा जास्त दिले! कोकराला मात्र चरबी काढावी लागत नाही. 780 ग्रॅम मांस हाती येतं आणि भाव 872 पडतो. फायदा आहे तो इथं.

गावात वाटा घेणं हा तिसरा रस्ता. चार-सहा घरं मिळून बोकड आणतात, कापतात आणि वाटे घालतात. जिवंत वजनाच्या जवळपास निम्मं मटण निघतं, म्हणजे 20 किलोच्या बोकडातून 9 ते 10 किलो. मुंडी, पाय आणि वजडीचा हिशोब वेगळा होतो. वाट्यात जनावर डोळ्यांसमोर असतं, भेसळीचा प्रश्न नाही आणि कलेजीचा तुकडा प्रत्येकाला मिळतो. पण 'मला मान द्या, मांडी नको' असं म्हणता येत नाही. घरी फक्त रस्सा करायचा असेल तर वाटाच चांगला, कारण रश्श्याला सगळ्या ठिकाणचं मटण लागतं. कंदुरीच्या, म्हणजे नवसाचं जनावर कापून घातलेल्या गावजेवणाच्या मटणाची चव घरच्या किलोभर मटणाला येत नाही, ती याचमुळं. तिथं अख्खं जनावर, सगळी हाडं, एकाच मोठ्या भगुन्यात लाकडाच्या आचेवर सावकाश उकळतं.

कोणत्या पदार्थाला कुठलं मटण

मान, सीना (छाती) आणि नळी रश्श्याला. मानेत चिवट पांढरे पडदे भरपूर. ते सावकाश शिजले की विरघळून रश्श्याला अंग देतात. मांडीत म्हणजे रानात असे पडदे कमी, म्हणून बोकडाच्या नुसत्या मांडीचा रस्सा पाणचट लागतो आणि तुकडे आतून कोरडे पडतात. लोक तरीही 'फक्त मांडीचं द्या' म्हणून हट्ट धरतात. बोकडाच्या बाबतीत हा हट्ट आमच्या मते चुकीचा. खांदा मागा. तो सुक्याला चालतो, बिर्याणीला चालतो आणि रश्श्यालाही.

कोकराची मांडी ही वेगळी गोष्ट. आत थोडी चरबी असल्यानं ती कोरडी पडत नाही. सव्वा ते दीड किलोचं अख्खं रान भाजायचं मनात असेल तर कोकराचंच घ्या. मांडीच्या मागच्या बाजूला चरबीत करड्या रंगाची एक गाठ असते, ती काढायला सांगा. ती राहिली तर भाजताना वास सोडते.

खिम्याला दोन्ही चालतात. खांदा किंवा मान निवडून समोर करून घ्यायचा, तयार ढिगातला घ्यायचा नाही. बोकडाच्या किलोभर खिम्यात 150 ग्रॅम चरबी मुद्दाम घालायला सांगा, नाहीतर तो भुग्यासारखा होतो. कोकराच्या खिम्याला वरून काही लागत नाही. कबाबही त्याचेच नीट बांधले जातात.

आचेवर गेल्यावर

वेळेचा फरक मोठा आहे. एक किलो हाडासकट, 40 ते 50 ग्रॅमचे तुकडे धरून:

| | आदत कोकरू | दीड-दोन वर्षांचा बोकड | जून मेंढा किंवा शेळी |
|---|---|---|---|
| कुकर, पहिल्या शिट्टीनंतर मंद आच | 8–10 मिनिटं | 15–18 मिनिटं | 30–35 मिनिटं |
| भगुनं, झाकण ठेवून | 45–60 मिनिटं | दीड ते पावणेदोन तास | अडीच तासांच्या पुढं |

शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. पाच लिटरच्या कुकरची आणि तीन लिटरच्या कुकरची शिट्टी सारख्या अंतरानं होत नाही. आच मोठी ठेवली तर दहा मिनिटांत सात शिट्ट्या होतात, आणि मटण शिजलेलं नसतं.

बोकडाचा रस्सा असा. किलोभर मटणाला एक चहाचा चमचा हळद, दोन चमचे मीठ, दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण लावून अर्धा तास ठेवा. कुकरमधे दोन मोठे चमचे तेलावर एक कांदा, मग मटण घालून मोठ्या आचेवर 8–10 मिनिटं परता. आधी पाणी सुटतं, ते आटून तेल दिसायला लागेपर्यंत थांबायचं. इथं घाई केली तर रश्श्याला कच्चट वास राहतो. मग एक लिटर गरम पाणी घालून शिजवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. हे झालं आळणी. लेकरांना आणि आजारी माणसाला यातलंच वाटीभर काढून ठेवा.

वाटणाला तीन कांदे, वाटीभर किसलेलं सुकं खोबरं, एक मोठा चमचा तीळ आणि एक चहाचा चमचा खसखस, सगळं वेगवेगळं भाजून. एकत्र भाजलं तर तीळ करपतात आणि कांदा कच्चा राहतो. चार मोठे चमचे तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता, आच मंद करून तीन मोठे चमचे काळं तिखट टाका आणि वीस सेकंदांत पळीभर आळणी ओता. तिखट करपलं तर तर्री काळपट आणि कडू होते, तिला मग उपाय नाही. रस्सा दाट हवा असेल तर दोन मोठे चमचे येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, थंड पाण्यात कालवून घाला. उकळत्या रश्श्यात कोरडं येसर टाकलं की गुठळ्या होतात. संभाजीनगरच्या नान-खलियाकडं (नान रोटीबरोबरचा मटणाचा रस्सा) झुकायचं असेल तर मटण बोकडाचंच ठेवा, कारण त्यालाही लांब उकळी लागते.

याच प्रमाणात कोकराचा रस्सा केला तर तो जड होतो. खोबऱ्याचं तेल, वरचं तेल आणि त्याची स्वतःची चरबी मिळून ताटात तवंगाचा थर उभा राहतो. कोकराचं सुकं करा. किलोला अर्धी वाटी दही, हळद, मीठ, आलं-लसूण लावून दीड तास. कच्ची पपई लावू नका, ती बोकडासाठी. तिथंही किलोला एक मोठा चमचा आणि पाऊण तास, त्याच्या पुढं मटणाचं पीठ होतं. लोखंडी कढईत दोनच मोठे चमचे तेल, त्यावर मटण. पाणी घालायचं नाही. झाकण ठेवून मंद आचेवर 40–45 मिनिटं स्वतःच्या पाण्यात शिजू द्या. मग झाकण काढून दोन मोठे चमचे काळं तिखट, एक चमचा धने-शहाजिऱ्याची पूड, अर्धा चमचा मिरपूड आणि अर्धी वाटी भाजलेलं खोबरं घालून दहा मिनिटं आटवा. शेवटी लिंबू. मेंढ्याचा वास मुख्यतः चरबीत असतो, म्हणून मोठं जनावर असेल तर मसाला वाढवण्यापेक्षा आधी वरची पांढरी चरबी काढा.

भाकरीचंही ठरवून घ्या. बोकडाच्या रश्श्यात ज्वारीची भाकरी कुस्करायची. कोकराच्या सुक्याबरोबर बाजरीची, आणि ताट गरमच हवं. मेंढ्याची चरबी बोकडापेक्षा लवकर थिजते. डिसेंबरात अंगणात जेवायला बसलात तर पाच मिनिटांत तुकड्यांवर पांढरा थर आणि टाळूला मेणासारखा चिकटा येतो. मेंढ्याचं मटण नको म्हणणाऱ्यांनी ते बहुतेक असंच, गार झालेलं खाल्लेलं असतं.

आणल्यावर लगेच फ्रीझरमधे टाकू नका

हे दोन्ही मटणांना सारखंच लागू. जनावर कापल्यावर काही तासांनी मांस आखडतं आणि एक दिवसात पुन्हा सैल होतं. आखडायच्या आधीच ते एकदम थंड केलं तर धागे आवळतात आणि नंतर कितीही शिजवा, चिवटपणा राहतो. म्हणून ताजं मटण दोन-तीन तासांत चुलीवर चढवा, किंवा स्टीलच्या डब्यात फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी शिजवा. महिन्यासाठी साठवायचं तर त्यानंतर फ्रीझर. सकाळी कापलेलं आणि दुपारी बाराला आणलेलं मटण नेमकं आखडलेल्या अवस्थेत असतं. रविवारी उशिरा आणलेलं मटण शिजायला जास्त वेळ का घेतं, त्याचं कारण हे.

एप्रिल-मे महिन्यात पारा 40 च्या वर असताना दुकानातून घरी यायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळा आणि पिशवी डिकीत ठेवू नका. शिजलेलं मटणही या दिवसांत तासाभराच्या वर बाहेर नको. बोकडाचा शिळा रस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त मुरलेला लागतो, तो एक खळखळून उकळी आणून खावा. कोकराचं सुकं उरलं तर तव्यावर, पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून गरम करा. कोरड्या तव्यावर आधी चरबी सुटते आणि मग तुकडे करपतात.