मूकपट दाखवायचे: प्रवासपट की विनोदी लघुपट?

फोंड्यात चतुर्थीच्या आरत्यांनंतर वाड्यावरच्या मुलांना मूकपट दाखवायचे, तर सुरुवात कशाने करायची?

दोन रिळांचा विनोदी लघुपट वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. उत्तर कॅनडातल्या बर्फात राहणाऱ्या इन्युइट कुटुंबावरचा प्रवासपट ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) सव्वा तासाहून मोठा. मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनच्या ‘वन वीक’मधलं (१९२०) वादळात गरगर फिरणारं वाकडं घर भाषेविना कळतं. प्रवासपटातल्या इंग्रजी पाट्या मात्र कुणीतरी मराठीत मोठ्याने वाचायला हव्यात.

घोटाळा होतो वेगाचा. सेकंदाला १६ चौकटींनी टिपलेली फीत २४ने चालवली की माणसं दीडपट वेगाने पळतात. विनोदात ते खपतं, प्रवासपटात बर्फातली संथ चालच खोटी वाटते. प्रत निवडताना चालणाऱ्यांची पावलं आधी बघा. पेटीवाला हाताशी असला तर नवं पार्श्वसंगीत खुशाल बंद करा, दोन्हींत रंगत वाढते.

मुलांची गर्दी असेल तर विनोदी लघुपटच. वाचनालयात दहाजण निवांत बसणार असतील तर नानूक, आणि नंतर सांगाच, की चित्रीकरणाला उजेड मिळावा म्हणून इग्लूची (बर्फाच्या घराची) एक बाजू उघडी ठेवली होती. खरी चर्चा तिथेच पेटते.