घोडबंदर रोडवर टाकी सफाई: काम पाच स्टारचं, दिलेत चार

आधी कामाचं सांगतो कारण बरेच जण तेवढंच वाचतात. वाघबीळ साइडला आमची सोसायटी, तीन विंग आणि दोन अंडरग्राउंड टाक्या. हे लोक रविवारी दहाला येतो म्हणाले आणि आले बाराला. कारण काय तर घोडबंदरचं ट्रॅफिक, म्हणजे इथे राहणाऱ्या माणसाला पुढे काही बोलताच येत नाही. चार पोरं आणि एक सुपरवायझर. पाणी उपसलं, तळाचा गाळ बादल्यांनी काढला, भिंती ब्रशने घासून जेट मारला, मग व्हॅक्यूमने राहिलेलं ओढून घेतलं आणि शेवटी टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) पाणी फवारलं. यूव्ही लाइटचा एक दांडका पण फिरवला, ती मला शोबाजी वाटली, असो. पोरगा आत उतरायच्या आधी ब्लोअर लावला, कमरेला दोरी बांधली आणि एक जण झाकणापाशी सतत उभा ठेवला, ह्याचे मार्क वेगळे. जुना माणूस यायचा तो विडी विझवून तसाच आत उडी मारायचा.

आता चार का, तर त्याला कारण लंडनचा जुन्या काळातला डॉक्टर जॉन स्नो, आणि जॉन स्नो आमच्याकडे आला तो माझ्या वहिनींमुळे.

झालं असं की पाण्याच्या शटडाऊनचा आठवडा होता, टँकर मागवले होते आणि सोमवारपासून जुलाब-उलट्यांच्या कंप्लेंट सुरू झाल्या. ग्रुपवर तीन तट पडले. एक म्हणे टँकरचं पाणी, दुसरा म्हणे पाणीपुरी, आणि कमिटीतले एक काका ठाम की मागच्या नाल्याच्या वासाने होतंय, खिडक्या बंद ठेवा. वहिनी मेडिकलला पीएसएम, म्हणजे साथी आणि सार्वजनिक आरोग्याचा विषय शिकवतात, त्यांना फोन केला तर म्हणाल्या, भाऊजी, आजारी कोण आहे ते सगळेच सांगतील, तुम्ही मला आजारी कोण नाहीये ते सांगा. आणि वर म्हणाल्या की ते नाल्यावाले काका दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या मोठमोठ्या डॉक्टरांत शोभले असते.

कारण तेव्हा सगळे हेच म्हणायचे, कॉलरा घाणेरड्या हवेने होतो. स्नो १८१३ चा, यॉर्कमधल्या मजूर घरातला, नऊ भावंडांत थोरला. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलला एका सर्जनच्या हाताखाली उमेदवारीला लागला, आणि तिथे कॉलरा आला तेव्हा ह्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला कोळशाच्या खाणीवर पाठवलं. खाणकामगार खालीच जेवतात, हात धुवायला काही नाही, संडास नाही, हे त्याने तेव्हा पाहिलेलं पुढे पुस्तकात लिहिलं. पुढे लंडनला तो नावाजला भूल देण्यासाठी, १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म ह्यानेच दिला. म्हणजे वायू हुंगवणं हा ज्याचा रोजचा धंदा, तोच म्हणाला की हवेने हे होत नाही. साधा मुद्दा, आजार सुरू होतो पोटात, फुफ्फुसात नाही, मग तो तोंडावाटेच गेला असणार, पाण्यातून. १८४९ मध्ये छापून मांडलं, फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची गोष्ट थोडीफार माहीत असते लोकांना. ऑगस्ट १८५४ च्या शेवटाला लंडनच्या सोहो भागात कॉलरा फुटला आणि दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली, स्नोचा संशय तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपावर. पण मजा वहिनींच्या प्रश्नात आहे, कोण आजारी नाहीये? पंपाच्या जवळच दारूची भट्टी, सत्तरच्या वर कामगार, त्यांच्यातलं कोणी कॉलऱ्याने मेलं नाही कारण ते तिथलीच बिअर प्यायचे. शेजारच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसात ५३५ माणसं आणि मेले फक्त पाच, त्यांची विहीर वेगळी. आणि उलटं बघा, लांब हॅम्पस्टेडला एक विधवा बाई गेली, आसपास कुठे कॉलरा नाही, तर कळलं की तिला ह्याच पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती रोज गाडीने मागवायची.

मग मी आणि वॉचमन, वही घेऊन तिन्ही विंग फिरलो. जवळजवळ सगळे आजारी सी विंगचे, ज्यांची टाकी गेटजवळ आहे आणि टँकरचा पाइप तिथेच पोचतो. सी मध्ये राहून ठणठणीत कोण, तर वीस लिटरचे जार मागवणारं एक घर आणि पाणी उकळल्याशिवाय न पिणारे एक आजोबा. ए विंगमधली दोन मुलं आजारी होती, ती सी मध्ये ट्यूशनला जातात. बी मधलं एक घर मात्र कशातच बसेना, बहुतेक पाणीपुरी, तो तट पण अगदीच चुकीचा नव्हता. भाडेकरूंना तर आपल्या नळाला कुठल्या टाकीचं पाणी येतं हेच माहीत नाही. स्नोला दक्षिण लंडनमध्ये हीच अडचण आली होती, एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे पाइप आणि बिल भरणार घरमालक. त्याने सिल्व्हर नायट्रेट टाकून पाण्यातलं मीठ बघितलं आणि कंपनी ओळखली. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी शहराची घाण मिसळलेलं थेम्सचं पाणी द्यायची, तिच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, आणि नदीच्या वरच्या अंगाचं पाणी देणाऱ्या लॅम्बेथच्या ३७.

एवढी वही भरल्यावर कमिटीने टँकरवाल्याला फासावर चढवायचंच बाकी ठेवलं होतं. तेवढ्यात हे टाकी सफाईवाले आले. सुपरवायझरने काम सुरू करायच्या आधी विचारलं, कंप्लेंट कुठल्या विंगची आहे, आणि मग टेप काढून सी च्या टाकीपासून ड्रेनेजच्या चेंबरपर्यंतचं अंतर मोजलं. जेमतेम चार फूट. टाकीचं झाकण तडकलेलं, ओव्हरफ्लोला जाळी नाही, आणि टाकीच्या भिंतीला त्याच बाजूने ओल. मला एकदम ब्रॉड स्ट्रीटच आठवलं. तिथे हेन्री व्हाइटहेड नावाचा पाद्री आधी स्नोचं म्हणणं खोडायला निघाला होता, त्यानेच नंतर शोधलं की चाळीस नंबरच्या घरात एक तान्हं बाळ आजारी होतं, आईने दुपटी धुतलेलं पाणी शोषखड्ड्यात ओतलं आणि तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांवर होता.

म्हणजे आता संशयित दोन, टँकर आणि चेंबर. वहीवरून विंग कळते, ह्या दोघांतला कोण ते नाही कळत, कारण दोघंही सी चेच.

आणि तारखा बघा. रेग्युलर पाणी गुरुवारी आलं, टँकर बंद झाले, शनिवारी नवीन केस एकच, आणि सफाई रविवारी. नंतर एकही कंप्लेंट नाही म्हणून ग्रुपवर सगळे ह्यांना पाच स्टार द्यायला धावले. पण स्नोच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटचा पंप बंद करायला त्याचा दांडा ८ सप्टेंबरला काढला तेव्हा साथ आधीच उतरायला लागली होती, लोक घरं सोडून पळाले होते, आणि हे खुद्द स्नोनेच लिहून ठेवलंय. स्वतःच्या बाजूचा एवढा झकास पुरावा हातात असून माणूस म्हणतो की दांड्यामुळेच थांबलं असं सांगता येत नाही. १८५८ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेला तेव्हा लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या मासिकाने दोन ओळी छापल्या, त्यात क्लोरोफॉर्म आहे, कॉलऱ्याचा उल्लेखसुद्धा नाही. तो एवढा जपून बोलतो तर मी एका टाकीवर कशाला फेकू? सफाई चांगली झाली हे डोळ्यांनी पाहिलं, त्याचे चार. जुलाब तिनेच थांबले हे पाहिलं नाही.

बुकिंग करणार असाल तर सकाळचा पहिला स्लॉट घ्या, आधीचे-नंतरचे फोटो व्हॉट्सॲपवर मागा, आणि दुसऱ्या दिवशी नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची) करून घ्या, रंग पिवळसर आला पाहिजे. ती हे लोक स्वतःहून करत नाहीत, म्हटलं की करतात. रेट थोडा जास्त आहे, घासाघीस चालते.

ब्रॉड स्ट्रीटला साथ ओसरल्यावर दांडा परत बसवला होता म्हणे. आमच्याकडे झाकणाचं कोटेशन येऊन तीन आठवडे झाले, सध्या वर शहाबादी फरशी ठेवलीय.