डिचोलीतले आमचे भुसारी दुकान आणि त्याचा फळा

गोव्यात डिचोलीला आमच्या वाड्याच्या तोंडावर एक भुसारी दुकान आहे. त्याची पाटी केव्हाच पुसट झाली, आम्ही सगळे त्याला भाईंचे दुकान म्हणतो. बावीस वर्षे मी तिथली गिऱ्हाईक आहे. मागच्या आठवड्यात भाईंनी भिंतीला रंग द्यायला घेतला आणि दारावरचा फळा उतरवून आत ठेवला. तो फळा नसलेली भिंत पाहिली आणि लिहायला बसले.

आधी मालाविषयी. उकडे तांदूळ उत्तम, ज्योती जातीचे. सोलां, म्हणजे आमसुले, घरगुती, मऊ. नारळ वाजवून देतात आणि नासका निघाला तर परत घेतात. हरमलची मिरची येते तशी संपते, आधी सांगून ठेवावी. तूरडाळ मात्र निवडूनच शिजवा, खडे असतात. फरसाण घेऊ नका. मोठ्या सहकारी भांडारापेक्षा दर दोन-चार रुपयांनी जास्त आहेत. तरी मी तिथेच जाते.

मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, गोव्यात सुरुवातीला भुसारी दुकानेसुद्धा बंद होती. उघडायला मुभा मिळाली त्या दिवशी दुपारच्या आत भाईंकडचा रवा, पीठ, कांदे संपले. उद्या येणार का, हा एकच प्रश्न दिवसभर. आपल्याकडचे कांदे-बटाटे, भाजी बेळगावहून घाट उतरून येतात, आणि गाडी कधी सुटेल हे कुणालाच सांगता येत नव्हते. दुसऱ्या सकाळी भाईंनी मुलीचा शाळेतला जुना फळा दारावर टांगला. त्यावर खडूने तीन रकाने: 'आहे', 'उद्या येणार', आणि तिसरा कोकणीत, 'खबर ना'. माहीत नाही.

पहिले दोन रकाने कुठलाही दुकानदार लिहील. भाईंचा तिसरा रकाना रोज भरलेला असे. एकदा शेजारची वहिनी काकुळतीला आली, "भाई, खरं सांगा, साखर येणार ना?" ते म्हणाले, "वहिनी, गाडी केरीच्या नाक्यावर उभी आहे, एवढंच मला ठाऊक. पुढचं लिहिलंय तसंच." तिला बरे वाटावे म्हणून त्यांनी 'येईल हो' म्हटले नाही. तेव्हा मला ते कोरडे वाटले होते.

माझा मुलगा तेव्हा बोटीवर होता, प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात. प्रवासी उतरले, कामगार राहिले. त्याच्या कंपनीकडून आठवड्याला एक पत्र यायचे, त्यात 'लवकरच'. इथे टाळेबंदी १४ एप्रिलला संपणार होती, मग ३ मे, मग १७, मग ३१. मी फोनवर त्याला म्हणायचे, "होईल रे, दोन-चार दिवसांत कळेल." एका रात्री तो चिडला. "आई, असं म्हणू नकोस. तू दोन दिवस म्हणालीस की मी दोन दिवस मोजत बसतो. तिसऱ्या दिवशी मला उठवत नाही."

त्या रात्री मी कॅलेंडरच्या पानामागे भाईंचे तीन रकाने आखले. 'आहे'मध्ये लिहिले: दोन वेळचे जेवण, खिडकीची खोली, अंगात ताप नाही. 'उद्या'मध्ये: रात्री नऊला फोन. 'खबर ना'मध्ये: विमान, पगार, पुढचा करार. दुसऱ्या दिवशी त्याला वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "उद्यामध्ये लिही, मी दाढी करणार." पुढे रोज तोच सांगायचा, मी लिहायची. विमान शेवटपर्यंत तिसऱ्याच रकान्यात राहिले. पण मला झोप लागू लागली, आणि त्यालाही.

मे महिन्यात पुरुमेंताचे दिवस आले. पावसाची बेगमी तर करायलाच हवी, पण भाईंनी दर घरामागे तांदळाचे माप ठरवले. मला दुसरी गोणी नाकारली, तेव्हा मी रागाने घरी आले. नंतर कळले की मागच्या भाड्याच्या खोल्यांतल्या परप्रांतीय मजुरांनाही त्याच मापाने तांदूळ जात होता, आणि त्यांच्या नावाची उधारीची वही वेगळी होती. ती वही त्यांनी कुणाला दाखवली नाही.

१ मेला गोवा हिरव्या, म्हणजे रुग्ण नसलेल्या, विभागात गेला आणि जूनच्या सुरुवातीला वास्कोचा मांगोर हिल भाग रुग्ण सापडल्याने बंद झाला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगा दाबोळी विमानतळावर उतरला, विलगीकरण संपवून घरी आला. पहिल्याच सकाळी तो फळा बघायला गेला. २०२१ च्या ९ मेपासून पुन्हा संचारबंदी लागली, आठवड्याआठवड्याने वाढत गेली, दुकाने दुपारी एकपर्यंतच. फळा परत भरू लागला. त्या महिन्यात रांगेत फारसे कुणी बोलत नसे.

दुकान सकाळी साडेसात ते दीड, मग चार ते आठ. रविवारी दुपारनंतर बंद. पुरुमेंताचे सामान हवे असेल तर मे उजाडण्याआधी सांगा. यंदा सोलां कमी आहेत, हे त्यांनी मला आत्ताच सांगून ठेवले आहे.