एसीची एएमसी: ऐरोलीत वर्षभराचा अनुभव

आम्ही ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहतो. घरी दीड टनाचे दोन इन्व्हर्टर स्प्लिट आहेत. मागच्या उन्हाळ्याआधी कोपरखैरण्याच्या एका छोट्या ठेकेदाराकडे दोन्हींची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) केली.

त्याने दोन दर सांगितले. नुसत्या सर्व्हिसिंगचे एका एसीला १,८०० (वर्षात तीन जेट सर्व्हिस, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणं), पार्टसह ४,५००. पार्टसहचा कागद वाचला तर कॉइल आणि पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) दोन्ही वगळलेले. खाडीच्या हवेत आधी तेच जातं, मग जास्तीचे पैसे कशाचे? साधी घेतली. कुणी वर १८ टक्के जीएसटी लावला तर बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक आहे का बघा. नोंदणी नसलेल्याला तो लावता येत नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. बेडरूमचा एसी थंड करेना. हाच एसी आदल्या वर्षी ॲपवरून आलेल्या मेकॅनिकने पाहिला होता. गेज लावलं, "साहेब, गॅस कमी आहे", साडेतीन हजार, गेला. अहो, गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही! कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. एएमसीवाल्याने पाठवलेल्या मुलाने आधी कॉइल धुतली, मग नायट्रोजनचं प्रेशर देऊन सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. आउटडोअरला तांब्याची नळी जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी बुडबुडे आले. नळीचं तोंड पसरवून नवीन फ्लेअर तयार केला, नळीतली हवा काढायला बराच वेळ व्हॅक्यूम पंप चालवला आणि एसीच्या प्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे आर-३२ गॅस काट्यावर मोजून भरला. याचे २,९०० वेगळे घेतले, पण त्यानंतर एसी कुरकुरलेला नाही. ठेकेदार ठरवताना मी आता दर नंतर विचारतो; आधी "लीक कसा शोधता, व्हॅक्यूम पंप आणता का" हे विचारतो. आणि आर-३२ थोडा ज्वलनशील असतो, त्यामुळे नळीत गॅस असताना वेल्डिंगचा टॉर्च पेटवणारा माणूस घरात नको.

पावसाळ्यात हॉलमध्ये पाणी ठिबकलं, तेव्हा ड्रेन पाइप फुकट साफ करून दिला.

तक्रारीही आहेत. एप्रिल-मेमध्ये फोन उचलत नाहीत. दरवेळी नवा मुलगा येतो. त्यातला एक आउटडोअर न धुताच निघाला होता, पण त्याला तरी काय बोलणार? बिल्डरने आउटडोअरसाठी ठेवलेली जागा अशी, की बेल्टशिवाय तिथे उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. पुढच्या वेळी बेल्ट घेऊनच ये म्हटलं, आणि तो आणलाही.

सर्व्हिसिंगने वीज वाचते म्हणतात. महावितरणच्या बिलात मला तसा फरक दिसला नाही. २४ऐवजी २६ वर पंखा लावून झोपायला लागल्यावर मात्र दिसला.

यंदा २,१०० मागतोय. देणार आहे. फक्त एक सर्व्हिस फेब्रुवारीत, गर्दी सुरू व्हायच्या आत, असं पावतीवर लिहून घेतलंय.