लिनक्सची मराठी गाइड: स्क्रीनशॉट बरे का कमांड?

आमच्या दारव्ह्याकडच्या पोट्ट्यांसाठी लिनक्सची (विंडोजसारखी कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम) गाइड लिहायची तं स्क्रीनशॉट टाकायचे का टर्मिनलच्या (टाइप करून कॉम्प्युटरला हुकूम द्यायच्या खिडकीच्या) कमांड द्यायच्या? माझं मत सरळ आहे, इन्स्टॉल अन् सेटिंगपुरते स्क्रीनशॉट, पुढचं सगळं कमांडनं.

ज्यानं आजवर फक्त मोबाइल वापरला त्याला वायफाय कुठं जोडायचं, मराठी कीबोर्ड कुठून ॲड करायचा हे चित्र पाहून लगेच जमते. पण चित्रं लवकर जुनी होतात, २०२१ मध्ये ग्नोम ४० (लिनक्सच्या स्क्रीनचं रूप ठरवणारं सॉफ्टवेअर) आलं अन् डाव्या बाजूची ॲपची पट्टी खाली गेली, उबंटू या लिनक्सच्या प्रकारानं मात्र डावीकडंच ठेवली, मंग एकाच्या स्क्रीनशी चित्र जुळते अन् दुसऱ्याच्या नाही. म्हणून पानावर व्हर्जन लिहाच. फाइलही जड होते, नेटवर्क कमी असलं की उघडतच नाही.

कमांड साध्या टेक्स्टमध्ये व्हॉट्सॲपवर पाठवता येते, अन् ‘सुडो ॲप्ट अपडेट’ वर्षानुवर्षं तीच आहे. पण नुसती कमांड देऊन सोडू नका, एंटर दाबल्यावर काय दिसते ते लिहा. डेबियनमध्ये (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) ही कमांड पासवर्ड मागते, तो टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही, नवीन पोरीला वाटते कीबोर्डच बंद पडला अन् ती तिथंच सोडून देते. ‘दिसत नसलं तरी टाइप होऊन राहिलं, पूर्ण टाका अन् एंटर दाबा’ एवढी ओळ पायजेच. अन् हेही सांगा की अपडेटनं फक्त सॉफ्टवेअरची यादी ताजी होते, सॉफ्टवेअर नवं होते ते अपग्रेडनं. टर्मिनलमध्ये पेस्टला कंट्रोल शिफ्ट व्ही लागते, कंट्रोल सी दाबलं तं चालू काम थांबते.